शाळेच्या फळ्या

९ डिसेंबर

ही वही गी-चोलने दिली. गी-चोल म्हणजे माझा मुलगा. तो सुवॉन शहरात सतराव्या मजल्यावर राहतो, तिथे माशीलाही लिफ्टने यावं लागतं. वही देताना म्हणाला, "बाबा, गोळी घेतली की यात लिहीत जा, म्हणजे विसरणार नाही." गोळ्या मी विसरत नाही, ठरवून टाळतो. पण वही जाड आहे, कागद चांगला आहे, म्हणून दुसऱ्या कामाला घेतली.

झालं ते असं. आमच्या मोठ्या खोलीच्या जमिनीखालून गरम पाण्याच्या नळ्या जातात. परसातला बॉलयर पाणी तापवतो आणि जमीन उबदार राहते. गेल्या महिन्यात एक नळी फुटली. वरच्या व्हिनाइलखाली पाणी साचलं, त्यावरून सुन-ये घसरली आणि मनगट मुरगळून बसली. सुन-ये माझी बायको. गी-चोल आला, माणसं लावून सगळी जमीन उखडली, नव्या नळ्या, नवा कोबा. काल निघताना उंबऱ्यात बूट घालता घालता म्हणाला, "बाबा, हे शेवटचं. नव्या वर्षाला येईन तेव्हा जमीन धड दिसली तर राहा इथे. काही उखडलेलं, उचकटलेलं दिसलं तर घराला कुलूप, आणि तुम्ही दोघं आमच्याकडे."

मी म्हटलं, "तुझ्याकडे मी बसायचं कुठे?"

"सोफा आहे की."

सोफा! पाय लोंबकळत ठेवून म्हातारा माणूस दिवसभर बसणार, वाळत घातलेल्या मोज्यासारखा.

आमचं चांद्र नवं वर्ष एकोणीस फेब्रुवारीला आहे.

११ डिसेंबर

कोब्यावर काय घालायचं यावरून गावच्या ज्येष्ठ मंडळाच्या खोलीत चर्चा. सगळे म्हातारे एकाच वेळी बोलतात आणि कुणालाच ऐकू येत नाही, त्याला आम्ही चर्चा म्हणतो. गिल म्हणाला, "पुन्हा व्हिनाइल घाल आणि गप बस." गिल माझ्या वर्गात होता. तो सहावी झाला, हे तो अजून आठवड्यातून एकदा सांगतो.

मी म्हटलं, "मी अख्खं लाकूड घालणार."

"गरम नळ्यांवर अख्खं लाकूड? दल-सू, ते फुगेल, आक्रसेल, तडकेल. तुझ्या तोंडासारखं होईल."

पण लाकूड कुठलं ते त्याला माहीत नव्हतं. आमची शाळा पाडतायत. सात वर्षांपूर्वीच बंद झाली, मुलं उरली नव्हती. व्हरांड्याच्या ओकच्या फळ्या ठेकेदाराने बाहेर रचून ठेवल्यात आणि ज्याला हव्यात त्याने न्याव्या म्हणतो. त्या फळ्या मी गुडघ्यांवर बसून मेणबत्तीच्या तुकड्याने आणि चिंधीने घासल्यात. चौथीपर्यंत रोज घासल्या. मग वडिलांनी बैलामागे लावलं. शाळेने मला ठेवून घेतलं नाही, आता शाळा माझ्याकडे राहायला येईल.

१४ डिसेंबर

फळ्या आणल्या. ट्रॅक्टर गिलचा. वाटभर बडबडत होता, पण उतरवायला मदत केली.

सुन-ये फळ्यांकडे बघून म्हणाली, "सरपण बरंय."

ती घाईत होती. हल्ली आठवड्यातून चार दिवस संध्याकाळी ती शाळेत जाते! मंडळाच्या खोलीत शहरातून एक बाई येते आणि ज्यांना अक्षरओळख नाही अशा म्हाताऱ्यांना शिकवते. सुन-ये चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. या वयात अक्षरं शिकून काय वाचणार? औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय ते मी सांगतो. बसवर काय लिहिलंय ते बसवाला सांगतो. पण दप्तर घेऊन निघते, पोरीसारखी. वर मला म्हणते, "भात कुकरमध्ये आहे, घ्या वाढून."

ही वही तिच्या हाती लागली तरी काळजी नाही. ती अजून एकेका अक्षराशी कुस्ती खेळतेय.

१७ डिसेंबर

मेंग मिस्त्री बघून गेला. जमिनीचं काम करणारा या भागात हा एकच, आणि बायकोला बरोबर घेऊन फिरतो. तो बोलतो आणि ती काम करते, असं मला वाटलं. बाईच्या हातात दोन सुयांचं एक यंत्र होतं. तिने फळीला टोचलं आणि म्हणाली, "तेरा."

"तेरा काय?"

"शंभरात तेरा भाग पाणी, आजोबा. आठ-नऊवर आलं पाहिजे."

मी म्हटलं, "सत्तर वर्षं वाळलेलं लाकूड आहे. यात पाणी असेल तर माझ्यातही पूर येईल."

मेंग म्हणाला, "वाळलंय ते थंड व्हरांड्यात. तुमच्या खोलीत खालून ऊब येणार, त्याची त्याला सवय नाही. आधी कोबा तापवायचा. बॉलयर रोज थोडाथोडा चढवायचा, मग तसाच उतरवायचा, म्हणजे कोब्यातलं पाणी निघून जाईल. मग फळ्या खोलीत आणून मोकळ्या रचून ठेवायच्या. तीन आठवडे झोपू द्यायच्या."

"मी तीन तासांच्या वर झोपत नाही."

"तुम्हाला कुणी चिकटवणार नाहीये, आजोबा."

त्याची बायको हसली. उद्धट माणसं आहेत. पण दुसरं कुणी नाही.

२६ डिसेंबर

बॉलयर रोज दोन अंश चढवतोय. सुन-ये माझ्या मागे येऊन बघते आणि म्हणते, "आमच्या बाईंनी परवा फळ्यावर लिहिलं, बॉयलर. तुम्ही बॉलयर म्हणता."

मी म्हटलं, "तुझी बाई पंचवीस वर्षांची आहे. मी बॉलयर वापरतोय तेव्हा तिचा बापही सायकल शिकत होता."

"पण लिहिताना..."

"लिहायचं मला शिकवू नकोस."

चार बुकं शिकलेल्या माणसाला आठ अक्षरं शिकलेली बाई शिकवणार!

४ जानेवारी

फळ्या मोठ्या खोलीत झोपल्यात आणि आम्ही दोघं धाकट्या खोलीत, शेंगेतल्या दाण्यांसारखे. सुन-ये झोपेत अक्षरं पुटपुटते.

१५ जानेवारी

गिल येऊन फळ्यांना विचारून गेला, "काय मंडळी, झोप लागते का?" मी त्याला चहा दिला नाही. स्वतःच करून प्याला.

२४ जानेवारी

मेंग आणि त्याची बायको आले. यंत्राने सगळ्या फळ्या टोचल्या. नऊ, आठ, नऊ. बाई म्हणाली, "शहाण्या आहेत." फळ्यांना म्हणाली, मला नाही.

बॉलयर बंद. रंधा मारून जुनं मेण काढलं. खोलीभर शाळेचा वास आला. मी बाहेर जाऊन उभा राहिलो, धूळ डोळ्यांत गेली होती.

परत आत आलो तर मेंगची बायको एक फळी हातात धरून हसत होती. "आजोबा, हिच्यावर काहीतरी कोरलंय. खिळ्याने. 'गुरुजी गाडव'!"

मेंग म्हणाला, "ढ पाहिजे. गाढव."

मी म्हटलं, "असेल कुणा पोराचं काम."

तेवढ्यात सुन-ये शाळेतून आली. तिने वाकून, बोट ठेवून, कोंबडी दाणे टिपते तशी एकेक अक्षर टिपत वाचलं. "गु... रु... जी... गा... ड... व." मग माझ्याकडे बघितलं. "अहो, हे तुमचं अक्षर."

"तुला काय कळतंय अक्षरातलं!"

"गचा पाय असाच मोडका काढता तुम्ही."

माझंच आहे. कुणाला सांगायला नको म्हणून इथे लिहितो. गुरुजींनी वर्गासमोर मला "ढ" म्हटलं होतं. म्हणून मी कोरलं, आणि नेमका ढच मला लिहिता आला नाही. त्याच्या वेगळ्या पाच छड्या मिळाल्या.

मेंग फळी उलटी लावणार होता, पण दुसऱ्या बाजूला खिळ्यांच्या गंजाचे डाग निघाले. म्हटलं, लाव तशीच, चुलीकडच्या कोपऱ्यात.

२५ जानेवारी

जमीन पूर्ण झाली. सरस लावून एकेक फळी बसवली, एकीच्या खाचेत दुसरीची जीभ अशी घट्ट. पण भिंतीपासून बोटभर जागा सोडली आहे, चारही बाजूंनी! मी म्हटलं, "मिस्त्री, फळ्या कमी पडल्या की अंदाज चुकला?"

"लाकूड श्वास घेतं आजोबा, त्याला हातपाय ताणायला जागा लागते. वरून पट्टी येईल, दिसणार नाही."

मी शाळेत या फळ्यांवर होतो तेव्हा आम्हाला कुणी हातपाय ताणू दिले नाहीत.

जाताना त्याने बॉलयरच्या काट्यापाशी लाल चिकटपट्टी लावली. "सत्तावीसच्या वर नाही. आणि तिथेही एकदम जायचं नाही, रोज एक अंश. आणि एक, जमीन उघडी ठेवायची. वर गालिचा, सतरंजी काही घालायचं नाही. कितीही वाटलं तरी नाही."

मी म्हटलं, "आमच्या घरात गालिचा कधी नव्हता आणि नसेल. आम्ही काय सिनेमातले लोक आहोत?"

सुन-ये तेव्हा शाळेत होती. तिला सांगायचं कारणच नाही, गालिचा आहे कुठे?

३ फेब्रुवारी

मोठ्या खोलीत राहायला आलो. बॉलयर सत्तावीसवर, लाल पट्टीच्या केसभर अलीकडे.

जमीन सुंदर दिसते. गिल मोजे घालून आला आणि मांजरासारखा चालला. "बरी आहे," म्हणाला. सहावी झालेल्या माणसाला याहून जास्त बोलवत नाही.

पण एक खंत आहे, ती लिहितो. पूर्वी खालून चुलीचा धूर फिरायचा तेव्हा चुलीकडचा कोपरा सगळ्यात गरम असायचा. त्याला आरेनमोक म्हणायचं. घरातला मोठा माणूस तिथे बसणार, बाकीचे मानाप्रमाणे लांब लांब. कोण कोण आहे ते जमिनीवरून कळायचं. आता नळ्या सगळीकडे सारख्या. मीही सत्तावीस आणि दारापाशी टेकलेला गिलही सत्तावीस. असल्या जमिनीवर म्हाताऱ्याने म्हातारं व्हायचं कशासाठी?

५ फेब्रुवारी

सुन-ये सात वाजता शाळेतून येते. मला साडेपाचला भूक लागते. मी जेवून घेतो आणि तिची भाताची वाटी झाकण लावून चुलीकडच्या कोपऱ्यात ठेवतो, वरून रजई. जुनी रीत आहे. माझी आई वडिलांसाठी ठेवायची. पुरुषाने बायकोसाठी ठेवल्याचं ऐकलं नाही, पण मी काही तिच्यासाठी ठेवत नाही. कुकरमध्ये भात पिवळा पडतो आणि मग ती कुरकुर करते, ते ऐकायला नको म्हणून.

तिला सांगितलंय की कुकर बिघडला. बिघडलेला नाही. मी त्याची विजेची पिन काढून ठेवतो.

रजई तिने लग्नात आणलेली, खरी कापसाची, दोन माणसांना उचलत नाही अशी. रोज काढायची-घालायची कोण, म्हणून तिथेच घातलेली असते. गालिचा नव्हे.

८ फेब्रुवारी

आश्चर्य झालं! चुलीकडच्या कोपऱ्यात रजईखाली हात घातला, तर केवढी ऊब! चटका बसेल अशी. बाजूची जमीन कोमट आणि तेवढाच कोपरा तापलेला. मेंगने चुकून तिथे नळ्या जवळ जवळ टाकल्या असणार. नाही, नळ्या गी-चोलच्या माणसांनी टाकल्या. म्हणजे घराचीच आठवण. आरेनमोक आपल्या जागी परत आलं!

गिलला बोलावून हात घालायला लावला. तो म्हणाला, "अरे, रजई आहे म्हणून..."

मी म्हटलं, "तू सहावीत शिकलास ते सगळं इथे सांगू नकोस."

आता मी दिवसभर तिथेच बसतो, पाय रजईत घालून. सुन-ये आली की उठतो, कारण मग वाटी काढावी लागते.

१३ फेब्रुवारी

घात झाला.

सकाळी रजई झटकायला उचलली. खाली चार फळ्या मधोमध फुगल्यात, गाढवाच्या पाठीसारख्या. सांध्यांत फटी, एकीत नखं कापायची कात्री उभी राहील एवढी. आणि चारांतली एक फळी कुठली? 'गुरुजी गाडव.' सगळ्यात जास्त तीच फुगली आहे. सत्तर वर्षांनी गुरुजींनी डोकं वर काढलं.

काटा तपासला. सत्तावीस. माझी काही चूक नाही. मेंगने सरस कमी लावला. किंवा त्याच्या बायकोचं यंत्र खोटं. किंवा ठेकेदाराने ओल्या फळ्या दिल्या. किंवा गिलने त्या दिवशी मुद्दाम पाय आपटला.

नव्या वर्षाला सहा दिवस.

कुणाला दिसायला नको म्हणून रजई दुहेरी घडी करून पुन्हा घातली.

१५ फेब्रुवारी

मेंगला फोन केला. नव्या वर्षापर्यंत वेळ नाही म्हणतो. "काय झालंय आजोबा? वर काही घातलंय का?" मी म्हटलं, "गालिचा नाही, सतरंजी नाही, काही नाही!" आणि ठेवला. गिऱ्हाइकावरच संशय घेतात.

रजई उचलून बघितलं. आणखी फुगल्यात.

१६ फेब्रुवारी

सुन-येला काही कळलेलं नाही. ती रजईत हात घालून वाटी काढते, जेवते, आणि धडे गिरवत बसते. आज विचारत होती, "अहो, 'कुलूप' कसं लिहायचं?" मी सांगितलं. कशाला हवंय कुणास ठाऊक.

गी-चोलचा फोन आला. "जमीन कशी आहे, बाबा?" मी म्हटलं, "आहे." तो म्हणाला, "मी येताना फोनमध्ये ते पाणसळ बघायचं घेऊन येतो. सपाट आहे का ते कळेल." फोनमध्ये पाणसळ! बापाकडे यायचं तर गाठोडं घेऊन यावं की पाणसळ?

१८ फेब्रुवारी

उद्या सकाळी येणार. सगळे विचार करून झाले, ते लिहितो.

रजई ठेवता येणार नाही. सून आली की पहिलं काम रजया घड्या करून कपाटात. कपाट सरकवून त्या जागेवर आणावं म्हटलं, तर अर्धी वीतभर सरकलं आणि माझी कंबर धरली. पितरांची पूजा त्याच खोलीत, त्यामुळे दार बंद ठेवता येत नाही. एकच उपाय, त्या जागेवर कुणीतरी दिवसभर बसून राहायचं. मी बसलो असतो, पण पूजेला मला उभं राहावं लागणार, अंगणात जावं लागणार. मी उठलो की संपलं.

सुन-येला सांगण्यात अर्थ नाही. तिला सांगायचं तर सगळं सांगावं लागेल. मग ती म्हणणार, मी तेव्हाच सरपण म्हटलं होतं.

आणि कदाचित तिला जायचंही असेल. सतराव्या मजल्यावर चूल नाही, बर्फ झाडायला नको, नातवंडं आहेत. मी विचारलं नाही. तिने जायचं म्हटलं तर काय बोलायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.

वही उशीखाली ठेवतो.

१९ फेब्रुवारी

नवं वर्ष.

आजचा दिवस कसा गेला हे मला स्वतःला नीट समजलेलं नाही. सकाळी सगळ्यांच्या आधी सुन-येने नवा पोशाख घातला, रजई स्वतःच कपाटात टाकली, आणि चुलीकडच्या कोपऱ्यात, बरोब्बर त्या फुगलेल्या फळ्यांवर, घागरा चारी बाजूंनी पसरून बसली. माझ्या जागेवर! मी डोळ्यांनी खुणावलं, ऊठ. तिने माझ्याकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

गी-चोल, सून आणि दोन नातवंडं आली. गी-चोलने बूट काढले आणि नमस्काराच्या आधी फोन जमिनीवर ठेवला. दारापाशी ठेवला, मधोमध ठेवला, खिडकीपाशी ठेवला. कोंबडा उकरतो तसा खोलीभर फिरला. शेवटी कोपऱ्यापाशी आला.

"आई, जरा सरक."

"गुडघा धरलाय."

"हात दे, उठवतो."

"आधी वाकून नमस्कार कर. आईला भेटायला आलायस की जमिनीला?"

तो ओशाळला. सगळ्यांनी नमस्कार केले. मग पुन्हा म्हणाला, "आई, एवढा एकच कोपरा राहिला."

सुन-ये म्हणाली, "ही घरातल्या मोठ्या माणसाची जागा आहे. पंचावन्न वर्षं तुझे बाबा बसले, मी दारापाशी वाऱ्यात बसले. आज मी इथे बसणार, आणि कुणाच्या बापाने सांगितलं तरी उठणार नाही."

त्याचा बाप मीच. मुलासमोर, सुनेसमोर असं बोलली! सून तोंडाला हात लावून हसत होती. म्हणाली, "सासूबाई, शाळेत जायला लागल्यापासून फार धीट झालात."

पूजा तिने बसल्या जागी हात जोडून उरकली. तांदळाच्या चकत्यांचं सार कोणी वाढलं? मी. जन्मात पहिल्यांदा. नातू म्हणाला, "आजोबा, तुमचा अंगठा सारात आहे." सुन-ये जागेवरून हुकूम सोडत होती. "त्याला अजून वाढा. किमची कापून आणा. कात्री तिथे नाही, डावीकडे." पाच तास ती उठली नाही. पाणीसुद्धा प्यायली नाही, तेव्हा बाहेर जायचा प्रश्नच आला नाही.

चार वाजता गी-चोल निघाला. अंगणात मला म्हणाला, "बाबा, जमीन छान झालीय हो. मला वाटलं नव्हतं. आईही तरतरीत वाटली. राहा इथे, पुढच्या वर्षी बघू."

गाडी वळली. मी आत आलो तर ती अजून तिथेच. म्हणाली, "धरा आता, पाय बधिर झालेत." उठवताना दोन्ही गुडघे कुरकुरले. घागऱ्यावर फळीचा ठसा उठला होता.

नशीब म्हणायचं. तिने हट्ट केला नेमका त्याच दिवशी आणि नेमक्या त्याच जागी. तिला कधी काय सुचेल सांगता येत नाही. पण माझी जागा घेतली हे मी विसरणार नाही.

२३ फेब्रुवारी

मेंग आणि त्याची बायको आले. मेंग उकिडवा बसून बघत राहिला. "इतकी सगळी जमीन आरशासारखी, आणि इथेच असं! काट्याला हात लावला होता?"

"नाही."

"वर काही?"

"गालिचा नाही."

त्याच्या बायकोने यंत्र टोचलं. "पाच! खालून पार सुकलीय." फळीवर हात फिरवला, कपाटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आजोबा, इथे रजई घालत होतात का?"

"रजई म्हणजे गालिचा नव्हे."

मेंग हसत हसत जमिनीवर बसला, मग आडवाच झाला. बायकोने त्याला दटावलं, पण तीही हसत होती. वर झाकलं की ऊब बाहेर पडत नाही, तिथल्या तिथे कोंडते, खालून लाकूड भाजून निघतं, असं तिने मला सांगितलं. पोराला सांगावं तसं. उघडं ठेवा, शेजारी पाण्याचं भांडं ठेवा, पावसाळ्यापर्यंत बरंचसं बसेल, नाही बसलं तर चार फळ्या बदलू, म्हणाली.

"म्हणजे घराची आठवण वगैरे काही नाही?"

"कसली आठवण?"

मी म्हटलं, काही नाही.

सुन-ये दारात उभी राहून ऐकत होती. मेंगला भाजलेली रताळी बांधून दिली, चांगली मोठी मोठी बघून.

मेंगचं म्हणणं खरं धरलं, तरी 'गालिचा, सतरंजी' म्हणण्याऐवजी त्याने सरळ 'रजई' म्हणायला हवं होतं.

२५ फेब्रुवारी

रजई जमिनीवर घालायची नाही, मग वाटी ठेवायची कुठे? कपाटात ठेवली तर अर्ध्या तासात निवते. आज मी भिंतीला टेकून बसलो, वाटी मांडीत घेतली आणि वरून रजई पांघरली. दीड तास. उजवी मांडी लाल झाली. गिल येऊन म्हणाला, "अंडी उबवतोयस काय रे?" मी उठू शकत नव्हतो, म्हणून तो वाचला.

सुन-ये आली. "हे काय?"

"गारठलोय."

तिने वाटी घेतली, झाकण काढलं. वाफ आली.

२८ फेब्रुवारी

वही उघडली, तर सगळ्या पानांवर लाल पेन्सिल! जिथे जिथे मी त्या पाणी तापवायच्या यंत्राचं नाव लिहिलंय तिथे काट मारून वर ठळक अक्षरात 'बॉयलर'. डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत, एकही सुटलेलं नाही. पहिल्यांदा वाटलं गिल. पण गिलचं अक्षर मुंग्या लागल्यासारखं असतं. ही अक्षरं मोठी, ओळीबाहेर जाणारी, प्रत्येक अक्षर दाबून दाबून काढलेलं. अठरा फेब्रुवारीचं पान तर इतकं हाताळलंय की कोपरा मऊ पडलाय. आणि वही उशीखाली माझ्या बाजूला होती, ती निघाली तिच्या बाजूला.

मग मी अठराचं पान वाचलं. मग एकोणीसचं वाचलं. मग बराच वेळ बॉयलरकडे जाऊन काटा बघत उभा राहिलो. सत्तावीस.

पंचवीसच्या पानाखाली तिने एक ओळ लिहिली आहे:

"कुकर बिघढलेला नाही ते मला ठाऊक आहे. तरी बिघढलेलाच राहू दे."

दोन्हीकडे ड पाहिजे, ढ नाही. माझ्या गाढवातून हरवलेला ढ सत्तर वर्षांनी इथे येऊन बसलाय, एक सोडून दोन.

लाल पेन्सिल वहीतच होती. मी दुरुस्त केलं नाही.

साडेपाच वाजलेत. वाटी भरून घेतो.